चष्म्याची काडी

"हात पुढे करा," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी गोदामातले दिवे घालवले.

सिस्टरने हात पुढे केले. अंधारात तेवढा एक निळा दिवा पेटला आणि तिच्या मनगटांवरून, तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून सावकाश फिरू लागला. तिने श्वास रोखून धरला होता. पहिल्या दिवशी हा दिवा वर सरकला तेव्हा तिच्या हनुवटीवर हिरवट ठिपका चमकला होता, काल डाव्या कानामागे. आज कुठे चमकणार, हाच विचार सकाळपासून तिच्या डोक्यात होता.

"हात स्वच्छ. आता चष्मा काढा, डोळे मिटा."

तिने चष्मा काढून स्टुलावर ठेवला आणि डोळे मिटले. निळा उजेड पापण्यांवरून गेला, गालांवरून, मानेवरून, कानांमागून गेला.

"चेहराही स्वच्छ. जमलं की हो, सिस्टर! मला वाटलं होतं, तुम्ही काही सुधारणाऱ्यांतल्या नाही."

दिवे लागले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरने चष्मा चढवला, सगळ्यांकडे बघून हसली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

गोदाम मदत संस्थेचं होतं. एरवी तिथे तंबूंचे गठ्ठे, ब्लँकेटं आणि पाण्याच्या घडीच्या टाक्या छतापर्यंत रचलेल्या असत. आता ते सगळं भिंतीकडे ढकलून मधे जागा केली होती आणि त्या जागेत मोठी शहाणीसुरती माणसं रोज कपडे काढायला शिकत होती. हसू येईल अशीच गोष्ट होती, पण हसत कोणी नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका देशात आधी वादळ आलं होतं, मग पूर, आणि पुराच्या पाठोपाठ ताप. त्या तापावर औषध नव्हतं. आजाऱ्याचा घाम किंवा लाळ हाताला लागली आणि तो हात आपल्या डोळ्याला, नाकाला, तोंडाला लागला की संपलं. तिथल्या नर्सेस एकामागून एक गेल्या होत्या, आणि त्या गेल्या त्या पोशाख घालताना नव्हे, काढताना. थकून भागून बाहेर आल्यावर, आता सुटलो असं वाटल्यावर, नकळत हात तोंडाकडे गेला म्हणून.

म्हणून ही पावडर. अंगभर पोशाख चढवला, दोन-दोन हातमोजे, मास्क, गॉगल, डोक्यावर टोपडं असं सगळं झालं की मास्तरीणबाई त्यावर एक पांढरी भुकटी उडवत. साध्या उजेडात ती दिसायची नाही. मग क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवत बुडवत एकेक गोष्ट अंगावरून उतरवायची, आणि शेवटी निळ्या दिव्याखाली उभं राहायचं. "पावडर म्हणजे ताप," बाई सांगत. "चमकलात की मेलात." बाईंचं बोलणं असंच असे. गोड बोलून आजवर कोणी वाचलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या स्वतः असल्या दोन साथींतून परत आलेल्या असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कोणी जात नसे.

उतरवण्याचा नियम एकच, पण कडक. आपण स्वतः विचार करायचा नाही. समोर आपला जोडीदार उभा असतो, तो एकेक पायरी मोठ्याने सांगतो आणि आपण तेवढंच करतो. ते नीट झालं की तो म्हणतो, "पुढे." तो "पुढे" म्हणेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही. आणि हात भलतीकडे जाताना दिसला तर तो ओरडतो, "थांब!" मग असाल तिथे, असाल तसे थिजायचं. "अक्कल बाहेर खुंटीला टांगून या," बाई म्हणत. "आत तुमची अक्कल समोरच्याच्या तोंडात असते."

सिस्टरच्या समोरचा म्हणजे लंबू. संस्थेतला जंतुनाशक फवारणारा. उंच, किडकिडीत, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि चालताना प्रत्येक दाराला कपाळ दाखवून पुढे जाणारा. पायऱ्यांचा कागद तो शाळेतल्या धड्यासारखा खणखणीत वाचायचा. सिस्टरला तो आवडायचा. पण समुद्रापलीकडे आपला जीव या पोराच्या तोंडात असणार, हे आठवलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

खरं सांगायचं तर तिला सगळ्याचीच भीती वाटत होती. विमानाची, त्या चिखलातल्या तंबूंची, त्या पोशाखातल्या उकाड्याची. आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या डाव्या हाताची. कारण ती घाबरली की हा हात कानाकडे जायचा. लहानपणापासूनची खोड. आधी केस कानामागे सारायला जायचा, म्हणून तिने मागच्या आठवड्यात केस पोरासारखे कापून टाकले. केस गेले, हात जायचा राहिला नाही.

मग ती जातेच कशाला, असं कोणीही विचारील. तिच्या वडिलांनीही विचारलं होतं. इस्पितळातल्या बैठकीत कोण जाणार असं विचारलं तेव्हा सगळे आपापल्या चपला न्याहाळत बसले होते. तेवढ्यात एक हात वर गेला. कोणाचा म्हणून सिस्टरने पाहिलं, तर तिचाच. एकदा वर गेलेला हात खाली घेणं तिच्याच्याने झालं नाही. तिने अशा तापाची माणसं सांभाळली नव्हती, पण माणूस तापात एकटं पडलं की कसं बघतं हे तिने पुष्कळ पाहिलं होतं, आणि ती नजर तिला सोडत नव्हती.

उद्या शेवटची चाचणी. उद्या जो चमकेल तो घरी, बाकीचे परवा सकाळी विमानात.

"बाई, हा दिवा एक रात्र नेऊ का?" निघताना तिने विचारलं. "मुलगी रोज मागते. जादूची बॅटरी म्हणते त्याला."

"न्या. सकाळी विसरलात तर तुमच्याआधी माझा जीव जाईल," बाई म्हणाल्या.

घरी भिंगरी दारातच उभी होती. पोर एका जागी टिकत नाही म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलं होतं, आणि शाळेतल्या हजेरीतलं नाव आता फक्त शाळेपुरतं उरलं होतं. घरात हे तिघंच. सिस्टरचा नवरा दुसऱ्या गावात दुसऱ्या संसारात होता. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे आणि कोणाचं अडतही नसे.

"चमकलीस?"

"नाही. आज एकदम स्वच्छ."

"मीच शिकवलं तुला," भिंगरी म्हणाली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पायऱ्यांचा एक कागद फ्रीजवर चिकटवलेला होता. रोज संध्याकाळी सिस्टर रेनकोट आणि भांडी घासायचे मोजे चढवून स्वयंपाकघरात उभी राहायची आणि भिंगरी खुर्चीवर चढून पायऱ्या वाचायची. नुकती वाचायला लागलेली, त्यामुळे अक्षर अक्षर लावून, पण "थांब!" मात्र असं ओरडायची की शेजारचे दार उघडून बघत. आईला पुतळा करायला मिळतंय म्हटल्यावर कोणतं पोर सोडेल? एकदा तिने "पुढे" न म्हणताच पाणी प्यायला पळ काढला होता आणि सिस्टर हात वर करून तशीच उभी राहिली होती. आप्पा येऊन म्हणाले, "कोणी पिस्तूल रोखलंय का?"

आप्पा म्हणजे सिस्टरचे वडील, जन्मभर बस चालवलेले. नुकतंच त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. संध्याकाळी आल्या आल्या त्या डोळ्यात थेंब घालायचे, हे सिस्टरचं काम. आजही तिने ते केलं. खालची पापणी बोटाने ओढली, थेंब सोडला, गालावर ओघळलेलं टिपून घेतलं. मग भिंगरीची वेणी सोडून पुन्हा घातली, तिच्या गालाचा पापा घेतला. सगळ्यांची जेवणं झाली. सिस्टरने भांडी घासली, हात कोपरापर्यंत खळखळून धुतले आणि म्हणाली, "चला, जादू बघायची ना?"

खिडक्यांचे पडदे ओढले. बाहेर अजून थोडा उजेड होता, पण खोलीत पुरेसा काळोख झाला. तिने निळा दिवा लावला आणि स्वतःचे हात त्याखाली धरले.

"हे बघ. कुठे काही आहे?"

"नाही," भिंगरी जरा हिरमुसून म्हणाली. "काहीच नाही चमकत."

"नाहीच चमकणार. म्हणून तर आई सुखरूप..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं. बोलता बोलता तिने दिवा भिंगरीकडे वळवला होता. भिंगरीच्या गालावर हिरवा अंगठा उमटला होता. पुसट, पण स्वच्छ दिसणारा. वेणीवर वरपासून खालपर्यंत बारीक ठिपके होते. कपाळावर होते. ओठांच्या कोपऱ्याशी होते.

"आई! मी चमकते!" भिंगरीने आरशात पाहिलं आणि आनंदाने उडीच मारली. "दे ना, मला दे ना दिवा!"

तिने दिवा हिसकावून घेतला आणि घरभर सुटली. "कडीवर आहे! माझ्या पेल्यावर आहे! उशीवर पण! आई, तुझ्या पिशवीच्या बंदावर बघ किती!" चोर सापडल्यासारखी ती एकेक ठिकाण ओरडून सांगत होती आणि खिदळत होती. सिस्टर जागची हलली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. प्रत्येक ओरडण्याबरोबर तिला वाटत होतं की कोणी तिच्या घराच्या भिंती एकेक करून काढून नेतंय.

मग भिंगरी आजोबांच्या खुर्चीशी पोचली.

"आजोबा, डोळे मिटा." आणि मग जरा हळू आवाजात, "आई, आजोबांचा डोळा चमकतो."

उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर, अगदी कडेला, हिरवी रेघ होती. तिच्या बोटाची.

सिस्टरने तोंडावर हात ठेवला आणि विंचू चावल्यासारखा झटकन मागे घेतला. कुठून आलं हे? पोशाख तिथेच राहिला होता. हात धुतले होते. बाईंनी स्वतः पाहून स्वच्छ म्हटलं होतं. ती खुळ्यासारखी स्वतःचे तळवे उलटेपालटे करत राहिली आणि भिंगरी दिवा घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "तुझा चष्मा बघ."

चष्म्याची डावी काडी, कानामागे वळते तिथे, लखलखत होती.

तेव्हा तिला सगळं कळलं. आज तिचा हात कानापाशी गेला नाही असं तिला वाटलं होतं. तो गेला होता. कानाला न लागता चष्म्याच्या काडीला लागून परत आला होता, इतकंच. लंबू त्या वेळी कागदात बघून वाचत होता, त्यालाही दिसलं नाही. आणि दिवा चेहऱ्यावर येण्याआधी चष्मा तर काढून स्टुलावर ठेवायचा होता. चष्म्यावर दिवा पडलाच नव्हता. तिच्याच नव्हे, एकाही चष्मेवाल्याच्या चष्म्यावर कधी पडला नव्हता. मग घरी येताना, घरी आल्यावर, वेणी घालताना, थेंब घालताना ती सवयीने काडी सारखी करत राहिली, आणि ज्यांच्यावर तिचा जीव होता त्यांनाच नेमकी हात लावत राहिली.

हा खरा ताप असता तर? ती खुर्चीवर बसली. तिला रडूही येत नव्हतं. खूप घाबरलेल्या माणसाला रडायची सवड मिळत नाही.

"भिंगरी, जा, तोंड धुऊन ये. साबण लावून," आप्पा म्हणाले. पोरगी आत गेली. ते सिस्टरच्या जाण्याविरुद्ध फारसं कधी बोलले नव्हते. एकदा विचारून झालं, मग पुन्हा तोंड उघडलं नाही. आता मात्र ते खुर्चीत पुढे सरकले.

"पोरी, उद्या जो चमकतो त्याला पाठवत नाहीत ना?"

"नाही पाठवत."

"मग उद्या चमक. एवढंच कर. हात जातोच तुझा, जाऊ दे. कोणी तुला नावं ठेवणार नाही. तू नाही म्हणालीस असंही होणार नाही." त्यांनी मघाची पापणी चोळली, मग लक्षात येऊन हात खाली घेतला. "मला भीती वाटते गं. गाडी चालवताना कधी वाटली नाही इतकी वाटते."

"मलाही वाटते, आप्पा."

"मग झालं तर."

खरोखरच झालं होतं. तिने आप्पांना घाईघाईने हो म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. त्या हलकेपणाची तिला लाज वाटली, पण तो होता, हे काही खोटं नव्हतं.

सकाळी बसमध्ये तिने सगळं मनात ठरवून टाकलं. मोजे काढताना हात वर जाऊ द्यायचा. हनुवटीला लावायचा, म्हणजे लांबूनही दिसेल. बाई दोन शब्द सुनावतील, लंबू हळहळेल, तिच्या जागी राखीव यादीतला कोणी जाईल, आणि ती दुपारच्या जेवणाला घरी. काडीबद्दल? काडीबद्दल नंतर कधीतरी सांगता येईल. आत्ताच सांगितलं तर बाई म्हणतील, बरं झालं सांगितलंत, आता चूक कळली, आता सुधारा आणि चला. सांगितलं की जावं लागणार. गप्प राहिलं की सुटका. इतका साधा हिशेब होता. तिने धुऊन पुसून ठेवलेला चष्मा डोळ्यांवर होता आणि बसच्या काचेत दिसणारी बाई तिला ओळखीची वाटत नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीत लंबू आधीच येऊन बसला होता. त्याने पायऱ्यांचा कागद गुडघ्यावर पसरला होता आणि ओठ हलवत पाठ करत होता.

"सिस्टर, मला काल झोपच नाही आली," तो म्हणाला. "तुम्हाला म्हणून सांगतो, हसू नका. आई विचारत होती, तिकडे सांभाळायला कोणी मोठं आहे का. मी म्हटलं, सिस्टर आहेत. तेव्हा कुठे ती जेवली."

सिस्टरने पिशवी खांद्यावरून उतरवली. लंबूने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने भिंगं पुसली, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि विचारात पडल्यावर पुष्कळ माणसं करतात तसं चष्म्याच्या काडीचं टोक दातांत धरलं.

"थांब!"

तो आवाज आपला आहे हे तिला नंतर समजलं. लंबू मात्र तयार झालेला गडी होता. तो तोंड अर्धवट उघडं ठेवून जागच्या जागी थिजला. काडी त्याच्या दातांत, डोळे तिच्यावर. तिने पिशवीतून निळा दिवा काढला, दार लावलं, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि दिवा त्याच्या तोंडापाशी नेला.

काडी चमकत होती. त्याचा खालचा ओठ चमकत होता. तोंडाच्या आत, दातांवरसुद्धा हिरवं होतं. किती दिवस तो ही काडी चघळत होता कोण जाणे.

"सिस्टर," तो न हलता पुटपुटला, "काय झालं?"

"तू मेलास," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

त्यानंतर गप्प राहण्याचा प्रश्नच उरला नाही. तिने मास्तरीणबाईंना बोलावून आणलं आणि सगळं सांगितलं. कडी, पेला, वेणी, आप्पांचा डोळा. बाईंनी सगळ्या चष्मेवाल्यांचे चष्मे टेबलावर ठेवायला लावले आणि दिवे घालवले. डॉक्टरांचा चष्मा चमकला. औषधवाल्या बाईंचा चमकला. लंबूच्या चष्म्याचं तर विचारूच नका. टेबलावर काजवे बसल्यासारखे दिसत होते, आणि त्या उजेडाकडे बघताना कोणाला जोरात श्वास घ्यायचाही धीर होत नव्हता.

बाईंनी स्वतःच्या गळ्यातल्या चष्म्याला हात लावला. मग सावकाश स्टुलावर बसल्या.

"मी दोनदा गेले," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा हा घालूनच." आणि त्यांनी तो काढून टेबलावर बाकीच्यांशेजारी ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण बाई त्या बाईच. दुपारपर्यंत नवी पायरी ठरली. गॉगलनंतर हात क्लोरीनच्या पाण्यात, मग डोळे मिटून चष्मा समोरून उचलायचा, काडीला बोट न लावता, आणि तो थेट बादलीत सोडायचा. उरलेलं सगळं चष्म्याशिवाय. आणि सांगणाऱ्याच्या हातात यापुढे कागद नाही. "सगळं पाठ पाहिजे," बाई कडाडल्या. "कागद काही मरत नाही, माणूस मरतो. नजर माणसावर!"

चाचणीच्या वेळी सिस्टरला कळलं की चष्म्याशिवाय आपल्याला काहीच दिसत नाही. समोर लंबू होता, पण तो एक उभा पिवळट डाग होता. स्वतःचे हात तेवढे कसेबसे दिसत होते. घाम पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत वाहत होता. आता सगळ्यांत धोक्याच्या पायऱ्या, मास्क आणि आतले मोजे, आणि त्या तिने आंधळ्यासारख्या करायच्या होत्या. तिच्या मनात आलं, अजूनही उशीर झालेला नाही. हात वर जाऊ दे. हनुवटीला लाव. आप्पा वाट बघताहेत.

आणि हात वर निघाला. तिने पाठवला की आपणहून निघाला, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं.

"थांब!" तो पिवळा डाग ओरडला.

हात हवेत थांबला. गोदामात एवढी शांतता होती की बादलीतल्या पाण्यात पडलेला थेंब ऐकू आला.

"मी बघतोय, सिस्टर," लंबू म्हणाला. त्याचा आवाज तिच्याइतकाच घाबरलेला होता. "हात खाली. पाण्यात बुडवा. हां. पुढे."

ती पुढे गेली. निळा दिवा हातांवरून, चेहऱ्यावरून, आणि या वेळी चष्म्यावरूनही फिरला. कुठेच काही चमकलं नाही.

घरी आप्पांनी खुर्चीतूनच विचारलं. "चमकलीस?"

"नाही, आप्पा."

ते उठून खिडकीपाशी गेले आणि रहदारी बघत राहिले.

त्या संध्याकाळी सिस्टरने आप्पांच्या डोळ्यात थेंब घातले नाहीत. तिने भिंगरीला घालायला शिकवलं. ती नसताना ते भिंगरीलाच करायचं होतं, हे खरं कारण होतं, आणि ते तिने दोनदा बोलून दाखवलं. पण ती शिकवत होती खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून. भिंगरीने वेणी घालून मागितली तेव्हा ती म्हणाली, आज आजोबांकडून घालून घे. बस चालवणाऱ्या हातांनी घातलेली वेणी कशी झाली असेल ते सांगायला नको. पापा मागितला तर म्हणाली, झोप आता. हात चार वेळा धुतलेले होते. चष्मा उकळत्या पाण्यातून काढायचा तेवढा राहिला होता. तरीही भिंगरीच्या गालाकडे पाहिलं की तिला तिथे तो हिरवा अंगठा दिसायचा आणि हात अंगाशी घट्ट मिटून जायचे. परत आल्यावर काय? परत आल्यावर तरी ही भीती जाईल का? याचं उत्तर तिला मास्तरीणबाईंना विचारायचं होतं, पण बाईंचा चेहरा आठवून तिने विचारलं नव्हतं.

सकाळी संस्थेची जीप खाली येऊन उभी राहिली. मागच्या खिडकीतून लंबूचे लांब हात बाहेर आले होते. सिस्टरने बॅग उचलली. आप्पा दारापर्यंत आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ नकोस असं पुन्हा एकदा म्हणू का?"

"म्हणा."

"जाऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. दोघंही थोडंसं हसले. आप्पांनी तोंड वळवलं.

भिंगरी चपलांच्या फळीपाशी उभी होती, वाकड्या वेणीसह, कधी नव्हे ती एका जागी. सिस्टर तिच्यासमोर आली आणि बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाली, "येते मी. आजोबांना त्रास देऊ नकोस." आणि तशीच वळली. आणखी एक क्षण थांबली असती तर तिला जाता आलं नसतं.

"थांब!"

जिन्यात आवाज घुमला. सिस्टर उंबऱ्यात थिजली. इतक्या दिवसांची सवय. विचार करायच्या आत अंग पुतळा झालं.

"बॅग खाली," भिंगरी म्हणाली.

बॅग खाली गेली.

"हात वर. आणखी वर. कशाला लावायचे नाहीत."

सिस्टरने हात वर केले. मागे पावलं वाजली, आणि मग दोन छोटे हात तिच्या कमरेभोवती आले, आणि पाठीवर गाल दाबला गेला, तोच गाल.

"तू नको लावूस," भिंगरी म्हणाली. "मी लावते."

खाली जीपने हॉर्न दिला. सिस्टर हात वर करून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची सोय नव्हती. आप्पांनी खिडकीतून वाकून ड्रायव्हरला जरा थांब अशी खूण केली. भिंगरी बराच वेळ "पुढे" म्हणालीच नाही.